‘वॉटर’वाले इंग्रजी इडियम कसे समजून घ्यायचे, आपल्या विहिरीच्या पाण्यापासून सुरुवात करून

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावातला एक पोरगा नागपूरला इंटरव्ह्यूला गेला होता, शेतमालाचं काम करणाऱ्या एका कंपनीत. तिथं त्यानं सांगितलं की संत्र्याच्या सालीची पावडर करायचं युनिट टाकायचा माझा विचार आहे. समोरचे साहेब म्हणाले, ‘आय डोन्ट वॉन्ट टु थ्रो कोल्ड वॉटर ऑन युअर आयडिया, बट...’ अन् त्या ‘बट’च्या पुढचं याच्या कानात काही गेलंच नाही. आता आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडं मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, भर दुपारी शेतातून आल्यावर कोणी अंगावर गार पाणी टाकलं तर त्याच्यासारखं पुण्य नाही, म्हणून याला वाटलं साहेब खुश झाले. हसून ‘थँक्यू सर’ म्हणाला अन् आला. गावात आल्यावर मले विचारते, “दादा, साहेब तं थंड पानी टाकतो म्हने माह्या आयडियावर, मंग घेतलं काऊन नाई?”

तेव्हा मला पक्कं समजलं की चूक पोराच्या डोक्यात नव्हती, आपल्या शिकवण्यात होती. त्याला ‘थ्रो’ माहीत होतं, ‘कोल्ड’ माहीत होतं, ‘वॉटर’ तर पहिलीपासून माहीत होतं. कोणी त्याला हे सांगितलं नव्हतं की ज्या देशात ही म्हण झाली तिथं थंडी जास्त, तिथं अंगावर थंड पाणी पडणं म्हणजे शिक्षा. आपण जिथं उत्साहावर ‘विरजण घातलं’ म्हणतो तिथं ते ‘थ्रो कोल्ड वॉटर ऑन इट’ म्हणतात. दुधात विरजण पडलं की दूध दूध राहत नाही, तसंच.

मी संध्याकाळी ओसरीवर बारावीच्या अन् स्टाफ सिलेक्शनची तयारी करणाऱ्या पोट्ट्या-पोट्ट्यांची इंग्रजी घेतो. पेपरात इडियमचे, म्हणजे वाक्प्रचारांचे, प्रश्न असतात, अन् पोरं रात्री यादी पाठ करतात अन् सकाळी ढोरं सोडेपर्यंत अर्धी यादी गेलेली असते. म्हणून आम्ही यादी बंद केली. एक शब्द घ्यायचा, रोजचा, अन् त्याच्याभोवतीचे सगळे इडियम धरायचे. पहिला शब्द घेतला तो पाणी. कारण पाण्यावर आपल्या भाषेत इतकं काही आहे की अर्धं काम आपल्या आजीनं आधीच करून ठेवलंय.

सुरुवात एका प्रश्नापासून करायची: हे पाणी कुठलं? विहिरीचं, पुराचं, आंघोळीचं का समुद्राचं? याचं कारण सांगतो. इंग्लंडमध्ये समुद्रापासून सगळ्यात लांबचं जे गाव आहे ते सुद्धा किनाऱ्यापासून 115 किलोमीटरच्या आत आहे, अन् आपल्याकडून समुद्र 500 किलोमीटरच्या पुढं. त्यांच्या बोलण्यात जहाज, भरती, वादळ हे सहज येतं, आपल्या बोलण्यात घडा, विहीर, पोहरा येतो. पाणी कुठलं ते कळलं की अर्थ अर्धा हातात आला समजा.

जे सोपे ते आधी संपवून टाकू. ‘स्पेंड मनी लाइक वॉटर’ म्हणजे पाण्यासारखा पैसा खर्च करणे, शब्दाला शब्द तोच. ‘इट मेड माय माउथ वॉटर’ म्हणजे तोंडाला पाणी सुटलं. ‘फिश इन ट्रबल्ड वॉटर्स’ म्हणजे गढूळ पाण्यात मासे मारणे, दुसऱ्याच्या भांडणात आपला फायदा काढणे. ‘मडी द वॉटर्स’ म्हणजे चांगला सरळ चाललेला विषय मुद्दाम गढूळ करणे. ‘वॉटर्ड डाउन’ म्हणजे दुधात पाणी घातल्यासारखं पातळ केलेलं, एखाद्या नियमाची धार काढून टाकली की असं म्हणतात. इतके तर एकदा वाचले की झाले.

आता ‘होल्ड वॉटर’. हा मला सगळ्यात आवडतो, अन् याच्यासाठी बाजारात जायचं. आठवडी बाजारात आई माठ घेते तेव्हा काय करते ते पहा. आधी बोटानं वाजवते, टणटण आवाज आला तर ठीक, बदबद आला तर कुठंतरी चीर आहे. मंग कुंभारकाकाकडूनच तांब्याभर पाणी घेते, माठात टाकते, माठ हातावर कलवून चारी बाजूनं फिरवते अन् बुडाखाली बोट लावून पाहते. माठ पाझरला तर ती काही म्हणत नाही, पाझरतो म्हणूनच तर पाणी गार होते, पण थेंब गळला की ठेवून देते खाली. ‘युअर आर्ग्युमेंट डझन्ट होल्ड वॉटर’ म्हणजे तुमच्या म्हणण्यात पाणी टिकत नाही, कुठंतरी चीर आहे. एखादा म्हणला की मी रात्रभर शेतात ओलीत करत होतो अन् त्या रात्री डीपीच जळून पडली होती, लाइनच नव्हती, तर त्याची गोष्ट ‘डझन्ट होल्ड वॉटर’. एक लक्षात ठेवा, हा बहुतेक वेळा नकारातच वापरतात.

विहिरीत पोहायला शिकले त्यांच्यासाठी पुढचे तीन एकदम सोपे. आम्ही पाठीला रिकामा डबा बांधून शिकलो, काठावर काका उभा. पहिले दोन दिवस पोहणं काही नसते, फक्त नाक-तोंड पाण्याच्या वर ठेवायचं, हेच ‘कीप युअर हेड अबव्ह वॉटर’. कर्ज आहे, खर्च आहे, पण बुडालो नाही, कसंबसं चाललंय. नंतर जमते उभ्यानं पाय मारत एकाच जागी राहणं, त्याला ते ‘ट्रेड वॉटर’ म्हणतात (हा ‘ट्रेड’ व्यापाराचा नाही, पायानं तुडवायचा), म्हणजे मेहनत चालू आहे पण माणूस पुढं सरकत नाही. तीन वर्षं एकाच परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीनं हा शब्द ऐकल्यावर हळूच म्हटलं, “सर, हे माह्यंच चालू हाय.” अन् पायाखाली तळ लागत नाही तिथं गेलो की ‘इन डीप वॉटर’.

‘डीप वॉटर’ अन् ‘हॉट वॉटर’ यात लय जण गोंधळतात, पेपरात ऑप्शन पण शेजारी शेजारी देतात. ‘डीप वॉटर’ म्हणजे काम आपल्या आवाक्याबाहेर गेलं. ‘हॉट वॉटर’ म्हणजे आपण काहीतरी केलं अन् आता कोणीतरी वरचा चिडलाय, बोलणी बसणार, कारवाई होणार. ग्रामसेवकानं हिशोब वेळेत दिला नाही अन् नोटीस आली तर तो ‘इन हॉट वॉटर’. हिशोबच इतका किचकट आहे की त्याला उलगडत नाही, तर ‘इन डीप वॉटर’. दोन्ही एकाच वेळी पण असू शकते बिचारा.

आता खरी मेहनत जिथं आहे तिथं येऊ. काही इडियम आपल्या म्हणीसारखे दिसतात अन् अर्थ वेगळीकडंच जातो. मला वाटते चुका इथंच सगळ्यात जास्त होतात, कारण माणसाला वाटते मला समजलं.

‘लाइक अ फिश आउट ऑफ वॉटर’ घ्या. आपल्या ओव्यांत, भजनांत पाण्याबाहेरची मासोळी म्हटली की तळमळ, जीव जातो की राहतो. पोरगी सासरी गेली की माय मासोळीवानी तडफडते. इंग्रजीत इतकं दुःख नाही त्यात. तिथं फक्त अवघडलेपण आहे, म्हणजे गावातला माणूस पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात लग्नाला गेला अन् हात कुठं ठेवावे ते समजत नाही, एवढंच. कोणी वारलं त्या घरच्या दुःखासाठी हा वापरला तर ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल.

‘वॉटर ऑफ अ डक्स बॅक’ म्हटलं की सगळी पोरं एका सुरात ओरडतात, पालथ्या घड्यावर पाणी! जवळ आहे, पण तेच नाही. पालथा घडा म्हणजे सांगून उपयोग नाही, बुद्धीत उतरतच नाही, यात सांगणाऱ्याची चिडचिड आहे. बदकाच्या शेपटीजवळ तेलाची ग्रंथी असते, चोचीनं ते तेल पिसांना लावत राहते, म्हणून पाणी पाठीवर थांबत नाही, घरंगळून जाते. तसं लोकांची टीका, टोमणे ज्याच्या अंगाला लागत नाहीत त्याच्यासाठी हे. सरपंचबाईला ग्रामसभेत कोणी काही बोललं अन् त्या शांतपणे पुढचा विषय घेतात, तर ते ‘वॉटर ऑफ अ डक्स बॅक’. ही तर चांगली गोष्ट पण असू शकते. पालथा घडा कधीच चांगला नसतो.

‘कॅरी वॉटर फॉर समवन’ हा अमेरिकेतला, राजकारणाच्या बातम्यात येतो. आपण म्हणतो अमका तमक्यापुढं पाणी भरतो, म्हणजे त्याच्या तोडीचा नाही, फिका पडतो. त्यांच्याकडं अर्थ असा की हा दुसऱ्याचं काम करतो, त्याची बाजू सांभाळतो, त्याच्यासाठी बोलतो. कमीपणाचा वास दोन्हीकडं आहे, पण आपल्याकडं तुलना आहे अन् त्यांच्याकडं चाकरी. ‘टेस्ट द वॉटर्स’ पण तसाच. आपण माणसाचं पाणी जोखतो, त्याच्यात किती दम आहे ते पाहतो. ते परिस्थितीचा अंदाज घेतात. पावसाळ्यात नाल्यावरून बैलबंडी काढायच्या आधी एक जण काठी घेऊन पाण्यात उतरते अन् कुठवर लागते ते पाहते ना, ते ‘टेस्टिंग द वॉटर्स’. सगळ्या पाच एकरात नवीन वाण लावायच्या आधी दोन तास, म्हणजे दोन ओळी, लावून पाहणे, ते पण.

अन् तेल! आपल्याकडं आगीत तेल ओतणे म्हणजे भांडण वाढवणे. ‘पोअर ऑइल ऑन ट्रबल्ड वॉटर्स’ याचा अर्थ बरोबर उलटा, भांडण शांत करणे. कारण तेल आगीवर नाही, खवळलेल्या पाण्यावर पडते. खलाशांना हे फार जुन्या काळापासून माहीत होतं की पाण्यावर तेल पसरलं की बारक्या लाटा बसतात. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल टाकून हे करून पाहिलं अन् 1774 मध्ये रॉयल सोसायटीच्या अंकात ते छापून आलं. घरी टाक्यातल्या पाण्यावर थेंबभर तेल टाका अन् फुंकर मारून पहा, मी पोरांना करायला लावलं, त्यानंतर एकानंही हा इडियम चुकवला नाही.

‘बॅकवॉटर’बद्दल आपल्या भागातल्यांना खास सांगतो. अप्पर वर्धा धरण झाल्यापासून आपल्याकडं ‘बॅकवॉटर’ म्हणजे धरणाच्या मागचं साचलेलं पाणी, तिथं फिरायला जातात, मासे आणतात. इंग्रजी लिखाणात एखाद्या गावाला ‘अ बॅकवॉटर’ म्हटलं तर अर्थ मागासलेलं, जगाच्या वाटेवर नसलेलं ठिकाण. एका पोरानं निबंधात लिहिलं होतं की ‘माय व्हिलेज इज अ ब्युटिफुल बॅकवॉटर’. त्याला म्हणायचं होतं धरणकाठचं सुंदर गाव. ते ‘नियर द बॅकवॉटर्स ऑफ द डॅम’ असं लिहा, नाहीतर आपणच आपल्या गावाला नावं ठेवली असं होते.

‘वॉटरशेड’ पण आपल्या ओळखीचा. 2016 च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, आपला वरुड तालुका होता, तेव्हा श्रमदानाला गेलेल्या प्रत्येकाला पाणलोट म्हणजे काय ते पाठ आहे. पण ‘अ वॉटरशेड मोमेंट’ हे नुसत्या पाणलोटावरून समजत नाही. या शब्दाचा मूळ अर्थ पाणलोटाचा माथा, ती धार जिच्या इकडं पडलेला थेंब एका नदीला जाते अन् तिकडं पडलेला दुसऱ्या नदीला. टेकडीवर सीसीटी (उतारावरचे सलग समतल चर) खोदताना अगदी वरच्या टोकाला उभं राहून पाहिलं असेल तर डोळ्यासमोर येईल. तर ज्या घटनेनंतर सगळ्याची दिशाच बदलते ती ‘वॉटरशेड’. ज्या वर्षी गावात पहिला बोअर झाला अन् कापसाच्या जागी संत्रा आला, ते वर्ष गावासाठी ‘वॉटरशेड’.

‘वॉटर अंडर द ब्रिज’ म्हणजे झालं गेलं गंगेला मिळालं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावाभावात दहा वर्षं बोलणं नव्हतं, पुतणीच्या लग्नात थोरला म्हणाला, “जाऊ दे बापू, ते पानी गेलं वाहून,” बस, तेच. पण वर्तमानपत्रात ‘पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं’ वाचता ते थोडं वेगळं, त्याचा अर्थ मधल्या काळात खूप काही बदललं. पहिल्यात माफी आहे, दुसऱ्यात नाही.

समुद्राचे इडियम आपल्याला चित्र काढून समजून घ्यावे लागतात. ‘डेड इन द वॉटर’, वारा पडला अन् शिडाचं जहाज मधातच उभं राहिलं, म्हणजे योजना बंद पडली, हलेना. ‘ब्लो आउट ऑफ द वॉटर’, तोफ मारून जहाजच उडवलं, समोरच्याला पार हरवलं. ‘अनचार्टेड वॉटर्स’, ज्याचा नकाशा कोणी काढला नाही असा समुद्र, म्हणजे अगदी नवीन क्षेत्र. ‘कम हेल ऑर हाय वॉटर’ म्हणजे काही झालं तरी, मंग पूर येवो का आभाळ कोसळो.

‘यू कॅन लीड अ हॉर्स टु वॉटर, बट यू कान्ट मेक इट ड्रिंक’. ही इंग्रजीतल्या एकदम जुन्या म्हणींपैकी, बाराव्या शतकातल्या लिखाणात सापडते अन् जॉन हेवूडच्या 1546 च्या संग्रहात पण आहे. घोडा आपल्याकडं वरातीपुरता, पण बैल आहेत ना. बाबा बैलांना नाल्यावर नेत, कासरा ढिला सोडत अन् हळू शीळ घालत, एकसारखी, लांब. बैल मान खाली करून ओठ पाण्याला लावे, मधातच थांबून मान वर करे, बाबा पुन्हा शीळ घालत. कधी कधी अर्धा घंटा शीळ घातली तरी ढवळ्या तोंड लावत नसे, बाबा कधी मान धरून दाबत नसत. पाण्यापर्यंत नेणं आपल्या हातात, पिणं त्याच्या. ही म्हण मी स्वतःसाठी पण लिहून ठेवलीय, शिकवणाऱ्याला लागते.

एक सुंदर जुळणी सांगायची राहिली. सोनार मोत्याचं ‘पाणी’ पाहतो, आपण डोळ्यांना पाणीदार म्हणतो. इंग्रजीत पण हिऱ्याच्या तेजाला ‘वॉटर’ म्हणत, अन् ‘ऑफ द फर्स्ट वॉटर’ म्हणजे एक नंबरचा, अस्सल. दोन इतक्या लांबच्या भाषा अन् हिऱ्यात दोघींना पाणीच दिसलं, मला याचं लय नवल वाटते.

‘स्टिल वॉटर्स रन डीप’ ही आपल्या ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ची दुसरी बाजू. आपण बडबड्यावर बोट ठेवलं, त्यांनी गप्प माणसावर.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन गोष्टींपासून सांभाळा. एक, ‘ब्लड इज थिकर दॅन वॉटर’ची मूळ म्हण उलटी होती, त्यात रक्ताच्या नात्यापेक्षा वचनाचं नातं मोठं सांगितलंय, असा मेसेज फिरतो. जुन्या लिखाणात त्याचा पुरावा सापडत नाही. अर्थ साधाच आहे, रक्ताचं नातं बाकी सगळ्यापेक्षा घट्ट. दोन, ‘थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर’. म्हणे पूर्वी सगळं घर एकाच टबात आंघोळ करायचं अन् शेवटी पाणी इतकं मळायचं की लेकरू दिसायचं नाही. ही बनवलेली गोष्ट. म्हण जर्मन आहे, थॉमस मुर्नर या लेखकानं 1512 मध्ये वापरली, इंग्रजीत बरीच उशिरा आली. अर्थ, नको ते टाकताना हवं ते पण टाकून देणं. फवारणीनं त्रास झाला म्हणून शेतीच सोडली, असं काहीतरी.

नर्सिंगला जाणाऱ्या पोरींनो, ‘हर वॉटर ब्रोक’ म्हणजे पाणमोट फुटली, अन् ‘पास वॉटर’ म्हणजे लघवी करणे. हे दोन वॉर्डात पहिल्याच दिवशी लागतील.

व्याकरण थोडंसं, कारण मार्क त्यातच जातात. हॉट, डीप, कोल्ड यांच्यासोबत ‘वॉटर’ एकवचनी अन् आधी ‘द’ नाही. मडी, टेस्ट, ट्रबल्ड, स्टिल, अनचार्टेड यांच्यासोबत ‘वॉटर्स’. माशाच्या इडियममध्ये ‘आउट ऑफ वॉटर’, ‘द’ लावायचा नाही, पण ‘डेड इन द वॉटर’ला लावायचाच. हे नियमानं शोधत बसू नका, तोंडानं दहा वेळा म्हणा, कान आपोआप पकडते.

अन् उलटं भाषांतर करू नका. ‘तो मला पाण्यात पाहतो’ याचं ‘ही सीज मी इन वॉटर’ केलं तर त्यांना वाटेल पोहताना पाहतो. तिथं सरळ ‘ही कान्ट स्टँड मी’. दान देताना हातावरून पाणी सोडतात, त्यावरून आपण उधारीच्या पैशावर पाणी सोडलं म्हणतो, त्यांना ‘आय रोट इट ऑफ’ म्हणा. पाणी पाजलं म्हणजे हरवलं, ‘गॉट द बेटर ऑफ हिम’.

कॉपीत, म्हणजे वहीत, लिहायची पद्धत अशी. इडियम लिहा, त्याच्याखाली पाणी कुठलं ते, अन् त्याच्याखाली आपल्या घरातलं किंवा गावातलं एक वाक्य, जे खरंच घडलंय. पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही, ते रात्रीतून जाते. वर जिचं सांगितलं ना, तीन वर्षं तयारी करणारी, तिच्या कॉपीतलं एक पान माझ्याकडं आहे. ‘कीप युअर हेड अबव्ह वॉटर’. पाणी: विहिरीचं. खाली तिनं लिहिलंय, “बाबानं कापूस विकला, सोसायटीचं व्याज भरलं, मुद्दल तसंच हाय, माह्या क्लासची फी भरली.”